लाखीचा डावा डोळा

देवास
१२ जून १९९९

चि. मोहनाला तुकोजीमामाचे आशीर्वाद.

पत्र पोचल्यावर फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि जे ऐकू येतं ते समजत नाही. पत्रच लिही.

तुझी आई, माझी मावसबहीण, आज असती तर तिच्याशी बोललो असतो. आता तूच. फेब्रुवारीत आमचा विहंग गेला तेव्हा तू महिनाभर विलायतेत काही शिकायला गेली होतीस. तुझं पत्र आलं होतं, उत्तर द्यायचं राहिलं. एकोणतीस वर्षांचा एकुलता एक मुलगा, लाखी घोडीवरून पडला आणि डोकं दगडावर आपटून जागच्या जागी गेला. त्या घोडीच्या पाठीवर गोम आहे, मागचा एक पाय पांढरा आहे, दोन्ही खुणा अपशकुनी. शर्वरी सून होऊन आली त्याच महिन्यात विहंगने ती घोडी आणली. मी तेव्हाच नको म्हटलं होतं. विहंग गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच घोडीने शर्वरीच्या पोटात लाथ घातली. पोर दहा दिवस इस्पितळात होती.

तेव्हापासून सुनेच्या तोंडून शब्द नाही. मी तिला बडोद्याला तरसालीत तिच्या माहेरी पाठवून दिली. तिचे वडील संपतराव रेल्वेत आहेत. ते लिहितात की ती ताटं फेकते, आरसा फोडून काच मुठीत आवळून बसते. इकडे लाखी जवळ जाईल त्याला चावते. जनावरांचा डॉक्टर म्हणतो, गोळी घाला.

संपतरावांनी तुझ्याविषयीचं वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. बडोद्याजवळ छाणीला वडिलांच्या प्लॉटवर घोडे बांधून तू मन बिघडलेल्यांना सुधारतेस म्हणे. मला हसू आलं. तीस वर्षं रिसाल्यात घोड्यांत काढली, मी काही शहाणा झालो नाही. तरी दुसरा उपाय दिसत नाही. लाखीला ट्रकने धाडतो आहे. सुनेला तिचे आईबाप तुझ्याकडे आणतील. दसऱ्याला आमच्या दारात घोड्याची पूजा होते, त्या दिवशी दोघी इथे हव्यात. घोडी ताळ्यावर आली नाही तर गोळी घालीन, बंदूक साफ करून ठेवली आहे. सून ताळ्यावर येवो न येवो, परत येईल. संपतरावांनी तसा शब्द दिला आहे.

एक लक्षात ठेव. घोडीजवळ जाण्याआधी काठी बुटावर दोनदा आपटायची. टक, टक. आमच्या रिसाल्याची रीत आहे. मालक आला हे जनावराला कळतं.

मी स्वतः आलो असतो, पण न्हाणीघरात घसरून उजवी मांडी मोडली आहे.

तुझा
तुकोजीमामा


निजामपुरा, बडोदे
४ जुलै १९९९

तीर्थरूप मामांना मोहनाचा नमस्कार.

तुमची लाखी पोचली आणि पोचल्या दिवशीच तिने माझ्या एका माणसाचं हाड मोडलं. आता सविस्तर ऐका.

माझ्याकडे सुभानराव आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे, घोडेवाल्या पोलिसांत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. ट्रकमधून त्यांनी लाखीला गूळ दाखवत शांतपणे उतरवलं. मी मात्र तुमची आज्ञा पाळायला गेले. रबरी बूट घातले, वेताची छडी घेतली आणि टक, टक केलं. पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. घोडी दोन पायांवर उभी राहिली, दावं तुटलं, सुभानराव मध्ये पडले तर त्यांना छातीने ढकलून भिंतीवर आपटलं. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला लांबून आला. मग ती लोखंडी पाइपच्या कुंपणावर स्वतःला धडका देत राहिली. पुढचे दोन्ही गुडघे रक्ताळले.

सुभानराव प्लॅस्टर घालून दुसऱ्या दिवशी हजर. मी म्हटलं, परत पाठवूया हिला. तर म्हणाले, "बेन, घोडी खराब नथी. गभरायेली छे. हिला कोणी तरी लई मारलंय." छडी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

आता माझं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुम्ही दसऱ्याची घाई करणार नाही. इथे कोणाला घोड्यावर बसवत नाही. माणूस रिंगणात घोड्याजवळ उभा राहतो, त्याला खरारा करतो, पाणी दाखवतो. ज्याला माणसाची भीती बसली आहे त्याला माणसाशी बोलता येत नाही, घोड्याशेजारी मात्र श्वास घेता येतो. त्यालाही वेळ लागतो. पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही.

शर्वरीची आई कमलाबाई तिला तरसालीहून दोन बस बदलून आणतात. लाखीने तिला लाथ मारली असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मी तिला बापूपाशी ठेवलं. बापू म्हणजे वरातीतून निवृत्त झालेला म्हातारा घोडा, फटाके वाजले तरी जांभई देतो. तिसऱ्या खेपेला मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. चार दात उमटले आहेत. चूक माझी होती, घोड्याच्या मागून जाऊ नये हे मीच सगळ्यांना शिकवते.

एक विचारायचं आहे. लाखीचा डावा डोळा गेला आहे, वर जुना व्रण आहे. ते कसं झालं? त्या बाजूने ती कोणालाच येऊ देत नाही.

मांडीची काळजी घ्या.

तुमची
मोहना


देवास
२० जुलै १९९९

चि. मोहनाला आशीर्वाद.

डोळ्यात बाभळीचा काटा गेला. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

तुझ्या पत्राने माझं डोकं फिरलं. गूळ काय, वराती काय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी ती घोडी आहे. तिचे चारी पाय बांध, दोन दिवस उपाशी ठेव, मान वर केली की नाकाडावर दे. तिसऱ्या दिवशी हातातलं खाईल. मी शंभर घोडी अशी वठणीवर आणली आहेत, एकही वाया गेलं नाही. तुझ्या त्या मोतद्दाराला सांग की कोणी मारलं ते शोधण्यापेक्षा स्वतःचं हाड सांभाळ.

इथे टीव्हीवर रोज कारगिलच्या पेट्या येतात. तिरंग्यात गुंडाळलेल्या. बाप उभे असतात, ताठ. मी ते बघत बसतो. माझा पोरगा तसा गेला असता तर मलाही उभं राहता आलं असतं.

शर्वरी चावली हे वाचून वाईट वाटलं. घरंदाज पोर होती. मला 'आबा' म्हणायची, विहंगपेक्षा माझंच जास्त ऐकायची. तिच्याशी फार गोड बोलू नका, लाडाने माणूस आणखी बिघडतं. संपतरावांना मी पुन्हा लिहिलं आहे. त्यांचं उत्तर आलं, धाकटीच्या लग्नाचं बघायचंय, थोरली घरात अशी बसून राहिली तर कोण येईल? तेव्हा दसऱ्याचं नक्की.

तुकोजीमामा


निजामपुरा, बडोदे
२९ ऑगस्ट १९९९

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे ते शर्वरीला विचारून. लिहू का म्हटल्यावर तिने मान हलवली.

तुमचा एकही सल्ला मी मानला नाही. सहा आठवडे छडी नाही, आरडाओरडा नाही. लाखी माझ्या हातून खाऊ लागली, सुभानरावांच्या प्लॅस्टरचा वास घेऊ लागली. मला तेवढ्यात शहाणपण सुचलं. म्हटलं, दसऱ्याला ही मामांकडे जाणार, तिथे टक, टक होणारच, तेव्हा आवाजाची सवय आपणच हळूहळू करूया. सुभानराव नको म्हणाले. मी ऐकलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी रिंगणाच्या लांबच्या टोकाला उभी राहिले. शर्वरी दुसऱ्या टोकाला बापूला खरारा करत होती. मी छडी बुटावर अगदी हलके दोनदा वाजवली.

लाखी उधळली. कुंपणाला धडकली, वळली, लाथा झाडायला लागली. आणि त्याच क्षणी शर्वरी पळाली. मामा, ती फाटकाकडे पळाली नाही. ती लाखीकडे पळाली. जिने पोटात लाथ मारली असं सगळं जग म्हणतं, तिच्या मागच्या पायांशी ती जाऊन बसली, पोटाभोवती दोन्ही हात आवळून. आता ही मेली म्हणून मी डोळे मिटले. उघडून पाहते तर घोडी जागच्या जागी खांबासारखी उभी. सगळं अंग थरथरत होतं, पण एक खूर हलवला नाही. मी शर्वरीला ओढायला पुढे झाले तर लाखीने मान वळवून माझ्या खांद्याचा लचका तोडला. ओढणी, कातडी सगळं गेलं. नऊ टाके पडले.

मी खाली मातीत पडले होते तेव्हा ते ऐकू आलं. सहा महिन्यांनी शर्वरी बोलत होती.

"आबा, पुरे. आबा, पुरे. आबा, पुरे."

सुभानरावांनी मोजलं नसेल, मी मोजलं. अकरा वेळा.

त्या आवाजाला दोघी सारख्याच भ्यायल्या. एका घरात एकाच माणसाने दोघींना ते शिकवलं. मी टाके घालून घेताना तोच विचार करत होते आणि मला तुमची इतकी चीड आली की डॉक्टर म्हणाले, हात सैल सोडा. बाभळीचा काटा वरून खाली चार बोटं लांब व्रण करत नाही. तुमची मांडीही न्हाणीघरात मोडलेली नाही, खरं ना?

लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून कमाटीबागेत नेत होता. मला तेच मामा माहीत होते. काय झालं ते तुमच्या हाताने लिहा. तुम्ही लिहिलं नाही तर मी संपतरावांना मला जे दिसलं ते सांगेन.

मोहना


देवास
२५ सप्टेंबर १९९९

मोहना,

महिनाभर तुझं पत्र उशाखाली होतं. लिहितो.

विहंगच्या खोगिराचा तंग, पोटाखालून आवळायचा पट्टा, माझ्या बापाच्या वेळचा होता. पोर म्हणत होतं, "आबा, मी नवा आणतो, नायलॉनचा, आता मिळतात." मी म्हटलं, नायलॉन म्हशीला बांध, माझ्या खोगिराला कातडंच लागेल. त्या सकाळी तंग मी स्वतः आवळला. घोडी नाल्यावरून उडाली आणि तंग तुटला. खोगीर फिरलं, पोर दगडावर गेलं. घोडी तर पुढे जाऊन थांबली होती, त्याचा वास घेत उभी होती.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून घरी आलो. कोणाशी बोलवेना म्हणून तबेल्यात गेलो. आत शिरताना सवयीने काठी बुटावर आपटली. खुंटीवर तो तुटलेला तंग होता. हातात घेतला तर कातड्याचा बोटांत भुगा झाला. तेवढ्यात शर्वरी पाण्याची बादली घेऊन आली. माझ्या हातात तंग पाहून म्हणाली, "आबा, ते म्हणत होते ना, नवा आणू." एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही.

मी भिंतीवरचा हंटर काढला. पहिला फटका तोंडावर, मग पाठीवर, मग मी पाहिलं नाही कुठे. पांढऱ्या पायाची, माझं पोर खाल्लंस, असं मी ओरडत होतो. ती पडली तेव्हा बुटाने पोटात मारलं, दोनदा की तीनदा. ती सरपटत लाखीच्या मागे गेली. लाखी बांधलेली होती. मी तिलाही झोडपायला लागलो, आणि डोळा तिथे गेला. मग तिने दावं तोडलं आणि मला लाथ घातली. मांडीचं हाड तेव्हा मोडलं, तुला न्हाणीघर लिहिलं ते लाजेने. शेजारी धावत आले. मी जमिनीवरून सांगितलं की घोडीने दोघांना मारलं. सगळ्यांना खरं वाटलं, गोम मीच त्यांना दाखवत होतो.

वड्याचं तेल वांग्यावर काढणं यालाच म्हणतात. रिसाल्यात हेच पाहिलं, हेच केलं. वरचा आपल्याला मारतो, आपण घोड्याला. मला रडू येत नव्हतं, मोहना. आता हे लिहिताना येतं आहे आणि अक्षर बिघडतं आहे.

दसऱ्याला मी बडोद्याला येतो. पोरीच्या पायावर डोकं ठेवतो आणि दोघींना मानाने घरी आणतो. गोळीचं मी विसरलो आहे. घर फार सुनं आहे.

तुकोजी


निजामपुरा, बडोदे
७ ऑक्टोबर १९९९

मामा,

तुमचं पत्र शर्वरीने स्वतः वाचलं. मग मला म्हणाली, "येऊ देत. पण छाणीला. घरी नको." ती आता रोज पाचसहा वाक्यं बोलते, त्यातली ही दोन.

ती तुमच्याबरोबर येणार नाही म्हणते. संपतरावांनी मात्र तिची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तुमचं पत्र त्यांना दाखवलं तर म्हणाले, "पश्चात्ताप झालाय ना त्यांना? मग आता काय राहिलं?" तेव्हा जे काय ठरायचं ते तुमच्यासमोर ठरेल.

अटी ऐका. हंटर आणायचा नाही. बूट नकोत. काठी रिंगणाच्या बाहेर द्यायची, चालायला सुभानराव खांदा देतील, न मोडलेल्या बाजूचा. आत आल्यावर नुसतं उभं राहायचं. पाया पडायचं नाही, मानाचं बोलायचं नाही. लाखीला वाटलं तर जवळ येईल.

मोहना


तरसाली, बडोदे
२६ ऑक्टोबर १९९९

आबांना,

नमस्कार लिहीत नाही. इस्पितळात हे पत्र तुम्हाला मोहनाताई वाचून दाखवतील, तुमचा हात प्लॅस्टरमध्ये आहे.

तुम्ही बडोद्याच्या सगळ्या पाहुण्यांना सांगताय की सुनेने माफ केलं आणि जीव वाचवला. काल मावशी येऊन माझी दृष्ट काढून गेली. तुम्ही मातीत तोंड खुपसून पडला होतात, तुम्हाला काही दिसलं नाही. म्हणून काय झालं ते सांगते.

तुम्ही दसऱ्याला कोऱ्या धोतरात आलात. पायांत बूट होते, मांडीमुळे वाकून काढता येत नाहीत म्हणालात. मोहनाताईंना दया आली. सुभानरावांनी काठी मागितली तर म्हणालात, फाटकाशी देतो. आणि फाटकाशी येऊन तुम्ही ती बुटावर आपटलीत, दोनदा. मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल. आपट्याची पानं तुमच्या डाव्या हातात होती.

लाखी आली तेव्हा सुभानराव "भागो, आबा, भागो" ओरडले. तुम्ही उभेच राहिलात. तिने छातीने तुम्हाला पाडलं, हातावर पाय दिला, हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला. बरगड्यांवर पाय दिला. मग ती दोन पायांवर उभी राहिली आणि तिचे पुढचे खूर तुमच्या डोक्यावर होते. बाबा कुंपणाबाहेर उभे होते. त्यांच्या हातात माझी बॅग होती.

मी तिच्या डाव्या बाजूने गेले. त्या बाजूने ती फक्त मला येऊ देते. मानेला हात लावला आणि म्हटलं, "पुरे, लाखी. पुरे." तिने पाय खाली टेकले, तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर. तिथे खड्डा पडला आहे.

आबा, मी तुम्हाला वाचवलं नाही. माणूस मारलेल्या घोडीला गोळी घालतात, मी तिला वाचवलं. तुमचा जीव आड आला म्हणून वाचला.

आणखी एक तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, हे लिहिलं नाहीत, कारण मी देवासच्या डॉक्टरीणबाईंना कोणाला सांगू नका म्हणून हात जोडले होते. मला तिसरा महिना होता. विहंगला माहीत होतं. त्या सकाळी रपेटीवरून परत आल्यावर तो तुम्हाला सांगणार होता. म्हणत होता, आबा खोगिरावरून खाली उडी मारून नाचतील. तुमचा बूट लागला तेव्हा ते मूल जिवंत होतं. त्यानंतर दोन दिवस रक्त गेलं. तुम्ही शेजारच्या खोलीत मांडीला वजन बांधून पडला होतात आणि विहंगच्या नावाने हाका मारत होतात, मला ऐकू येत होतं. मला तेव्हा तुमची कीव आली होती. म्हणून मी बोलले नाही, आणि मग मला बोलताच येईना.

हे मी परवा बाबांना सांगितलं. त्यांनी बॅग उघडली, एकेक कपडा काढून कपाटात ठेवला आणि आईला चहा टाक म्हणाले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभे होते.

मी छाणीला कामाला लागले आहे. नवी मुलं येतात, त्यांना मी बापूपाशी नेते. लाखी माझी आहे, विहंगने ती माझ्यासाठी घेतली होती. तिची पूजा आम्ही दुसऱ्या दिवशी केली. तुमची काठी सुभानरावांनी चुलीत घातली, त्यावर चहा केला.

डॉक्टर म्हणतात महिन्याभरात तुम्ही चालाल. बरे व्हा आणि देवासला जा. छाणीला येऊ नका. लाखीला पुन्हा थांबवीन की नाही, मला सांगता येत नाही.

शर्वरी